पणजोबांचे गाव कोणी हलविले?

पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या सौंसरच्या एका तरुणाने आपल्या घराण्याचा वंशवृक्ष संगणकावर सिद्ध केला आणि त्याची छापील प्रत मोठ्या कौतुकाने आमच्या हाती आणून दिली. सहा पिढ्यांची नावे, लग्ने, जन्ममृत्यूच्या तारखा, सोबत गावे दाखविणारा नकाशा! तरुणाचे श्रम पाहून आमचा ऊर भरून आला. परंतु पहिल्याच पानावर त्याच्या पणजोबांच्या नावाखालची ओळ वाचली आणि आम्ही चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. तेथे लिहिले होते, ‘जन्म १८९३, सौंसर, पांढुर्णा, मध्य प्रदेश, भारत.’ ओळीत नावे चार. शेवटच्या नावाबद्दल आमची तक्रार नाही; इंग्रजांनी काहीही म्हटले तरी देश भारतच होता. पहिले नावही खरे. पण मधली दोन? ती दोन्ही साफ खोटी आहेत!

पांढुर्णा जिल्हा जन्मास आला ५ ऑक्टोबर २०२३ रोजी. पणजोबांच्या जन्माला तेव्हा १३० वर्षे झाली होती. ‘मध्य प्रदेश’ हे नाव प्रांताला मिळाले १९५० मध्ये. १८९३ साली हे गृहस्थ जन्मले ते सौंसर तहसिलीत, छिंदवाडा जिल्ह्यात, मध्यप्रांतात. आणि गंमत अशी की, त्या काळी छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिणेची तहसील सौंसर होती व पांढुर्णा हे गाव त्या सौंसर तहसिलीत मोडत होते! आज सौंसर पांढुर्णा जिल्ह्यात आहे, हे खरे. परंतु १८९३ च्या नोंदीत सौंसरला पांढुर्ण्याच्या पोटात घालणे म्हणजे आजोबांना नातवाच्या मांडीवर बसवून त्यांचे बारसे करणे होय.

हे पाप त्या तरुणाचे नाही. त्याने ‘सौंसर’ एवढीच अक्षरे टंकिली. सॉफ्टवेअरने पुढे एक तयार ओळ सरकविली, तरुणाने होकाराचे बटण दाबले, आणि क्षणार्धात सहा पिढ्यांची माणसे आजच्या राज्याची, आजच्या जिल्ह्याची रहिवासी झाली. यंत्राला आजचा नकाशा तेवढा ठाऊक. त्याला कालचा दिवस शिकविला नाही, तर ते प्रत्येक मृत माणसाला आजच्या कचेरीत हजर करणारच!

‘एवढ्याशा गोष्टीसाठी अग्रलेख कशाला?’ असे कोणी शहाणा विचारील. त्याला आम्ही एक साधे उदाहरण देतो. १९४० साली काटोलची मुलगी सौंसरला दिली गेली. बैलगाडीने वऱ्हाड आले, लग्न लागले, संसार झाला. दोन्ही गावे तेव्हा एका प्रांतात होती आणि दोन्ही गावांची राजधानी नागपूर होती. आज हे लग्न संगणकात नोंदवा. वधूच्या गावापुढे ‘महाराष्ट्र’ उमटेल, वराच्या गावापुढे ‘मध्य प्रदेश’ उमटेल, आणि नकाशावर या सोयरिकीच्या मधोमध राज्यांची सीमा काढलेली दिसेल. जी रेषा १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखली गेली, ती यंत्र १९४० च्या मांडवातून ओढून नेते! विदर्भाचे आठ जिल्हे त्या दिवशी मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा भोपाळच्या नव्या राज्यात राहिला. त्यापूर्वी ही सीमा नव्हती. आज नातू ती नोंद वाचून समजतो की, आपली आजी परराज्यातून आली होती. आपलीच आजी आपल्याच घरात परकी! राज्यकर्त्यांनी १९५६ नंतरच्या काळावर रेषा ओढली. १९५६ पूर्वीच्या काळावर ती आपण आपल्या हाताने ओढीत आहोत.

त्याहून नाजूक गोष्ट आणखी आहे. १९५२ साली काटोलात जन्मलेले मूल आणि सौंसरात जन्मलेले मूल, दोघांचेही राज्य ‘मध्य प्रदेश’च होते. पण तो मध्य प्रदेश नागपूरचा. आजचा मध्य प्रदेश भोपाळचा. नाव एक, घर दोन. यंत्राला हा भेद कळत नाही. तारीख व राजधानी जाणणाऱ्या माणसानेच तो त्याला सांगितला पाहिजे.

येथे आमच्याच पक्षाच्या माणसांचेही कान उपटणे आम्हांस भाग आहे. काही उत्साही बंधूंनी आपल्या वंशवृक्षात १९१० च्या सौंसरपुढे ‘महाराष्ट्र’ असे ठोकून दिलेले आम्ही पाहिले आहे. बंधूंनो, महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले! १९१० साली ते राज्य नव्हते आणि सौंसर त्यात नव्हते. इतकेच काय, छिंदवाडा जिल्हा त्या साली नागपूर विभागातही नव्हता. तो नर्मदा विभागात होता. ही गोष्ट आपल्या मागणीला सोयीची नाही, म्हणून लपवावी काय? मुळीच नाही. आपली मराठी, आपली सोयरीक, आपला बाजार, आपली शेती नागपूरकडे तोंड करून होती, हे सांगण्यास खोट्या कागदाची गरज नाही. ज्याची बाजू खरी त्याने एकही खोटा कागद फाइलीत ठेवू नये. तो एक कागद प्रतिपक्षाच्या हाती सापडला की उरलेले नव्व्याण्णव खरे कागद वाया जातात.

आता अक्षरांकडे वळू. पिपळा नारायणवार या आमच्या गावाचे हिंदी पाटीवर ‘पिपला’ झाले. जामसावळीच्या मारुतीचे गाव ‘जामसांवली’ झाले. पांढुर्ण्याचा ‘ण’ कुठे राहिला, कुठे त्याचा ‘न’ झाला. जांब नदीची ‘जाम’ झाली. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, त्याला हिंदी भाषिक काय करणार? त्यांच्यावर आमचा राग नाही. पण आपल्या घरच्या वंशवृक्षात, आपल्या हाताने, आपल्या पणजीचे माहेर लिहिताना आपण ‘पिपला’ का लिहावे? आणि रोमन लिपीत तर ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’, ‘ड’ व ‘द’ सारे एकाच खुंटीला टांगलेले! जे अक्षर तोंडात आहे ते कागदावर नसेल, तर दोन पिढ्यांनी ते तोंडातूनही जाईल.

नावाचा घोळ एवढ्यावर थांबत नाही. पारडसिंगा म्हटले की यंत्र काय जाणते? एक पारडसिंगा काटोल तालुक्यात आहे, अनसूयामातेचे. दुसरे सौंसर तहसिलीत आहे. दोन्हींत मराठी माणसे, मध्ये राज्यांची सीमा. सावरगावाचे तर विचारूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. पण नरखेड तालुक्यातही एक सावरगाव आहे. सूचीतले पहिले नाव निवडणाऱ्या घाईखोराने आपल्या मामाचे घर नदीपलीकडून उचलून नरखेड तालुक्यात नेऊन ठेवले, तर गोटमार कोणी कोणाशी खेळायची? मोहगावे किती आणि पिपळे किती, याची गणती करूच नये.

कोणी म्हणेल, ‘शोध सुलभ व्हावा म्हणून एक प्रमाण नाव हवेच.’ मान्य! जागा ओळखण्यास प्रमाण खूण हवी. ती खूण अक्षांश-रेखांशाची असू द्या. सौंसर सुमारे २१.६५ उत्तर अक्षांश आणि ७८.७८ पूर्व रेखांशावर आहे. भोसल्यांच्या राज्यात ते तेथेच होते, आजही तेथेच आहे. गाव जागचे हललेले नाही; हलले ते त्याच्यावरील छत्र. १८५३ पर्यंत नागपूरकर भोसले, १८५४ पासून खालसा नागपूर प्रांत, १८६१ पासून मध्यप्रांत, १९०३ पासून मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून नागपूरचा मध्य प्रदेश, १९५६ पासून भोपाळचा मध्य प्रदेश, २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा. जागेची खूण एक आणि काळाची नावे सात, असा हा हिशेब आहे. जागेची खूण यंत्रासाठी असते. काळाचे नाव साक्षीसाठी असते. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा बळी देण्याचे कारण काय?

जगात हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. युक्रेनमधील आजचे ल्विव्ह शहर ऑस्ट्रियाच्या काळी लेम्बर्ग होते, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडचे ल्वूफ होते, सोव्हिएत राजवटीत ल्वॉव झाले. तेथून उखडल्या गेलेल्या ज्यू कुटुंबांच्या वंशजांनी काय केले? ज्यूइशजेन या संस्थेच्या गावसूचीत प्रत्येक गावापुढे पहिल्या महायुद्धापूर्वी, दोन युद्धांच्या मध्ये आणि दुसऱ्या युद्धानंतर ते कोणत्या जिल्ह्यात व देशात होते, हे ओळीने मांडलेले आहे. जर्मनीतील वंशशोधकांनीही गावांची अशीच कालवार सूची उभारली आहे. ज्यांची गावेच हातची गेली त्यांनी नावे जपली. आपली गावे आपल्या पायाखाली असून आपण नावे गमवावीत, याला काय म्हणावे?

बरे, साधने नाहीत म्हणावे तर तेही खरे नाही. वंशावळीची माहिती एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचा ‘जेडकॉम’ नावाचा नमुना १९८४ पासून अमेरिकेतील मॉर्मन चर्चने चालविला आहे. २०२१ च्या त्याच्या सातव्या आवृत्तीत एकाच स्थळाचे नाव वेगवेगळ्या भाषांत, भाषेची खूण लावून लिहिता येते. अक्षांश-रेखांशही जोडता येतात. ‘ग्राम्प्स’ नावाची आज्ञावली फुकट मिळते. तीत एका गावाला अनेक नावे देता येतात आणि ते गाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जिल्ह्यात होते, हेही नोंदविता येते. फॅमिलीसर्चच्या वंशवृक्षात आपण टंकिलेले नाव आणि यंत्राचे प्रमाण नाव ही दोन्ही शेजारी राहू शकतात. यंत्र तयार आहे. आळशी आहोत ते आपण!

आणि हा प्रश्न भावनेचाच आहे, असे समजणाऱ्यांनी महाराष्ट्रातील जातीच्या दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्या बापाला विचारावे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ या सालांत तुमचे घराणे कोठे राहत होते, हे तेथे विचारतात. सौंसरहून नागपुरास गेलेल्या कुटुंबाला हा प्रश्न किती जड जातो, हे आपल्या शहरांतील अनेक घरांना ठाऊक आहे. वंशवृक्षाची प्रत हा पुरावा नव्हे; पण पुरावा कोठे शोधावा याची ती वाट आहे. पणजोबांचा कागद ‘पांढुर्णा जिल्हा’ या नावाखाली शोधणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागेल, कारण २०२३ पूर्वीचा प्रत्येक कागद छिंदवाड्याच्या नावाने बोलतो. चुकीच्या नावाने योग्य दार कधी उघडले आहे काय?

त्र्यंबकेश्वरच्या वा काशीच्या तीर्थोपाध्यायाकडे गेलात, तर तो आधी काय विचारतो? ‘गाव कोणते?’ गाव सांगितले की वही उघडते आणि तुमच्या खापरपणजोबांचे नाव निघते. गाव ही आपल्या वंशाची किल्ली आहे. त्या वहीवाल्याला जे कळले ते आपल्या पदवीधर मुलांना कळू नये?

तेव्हा पांढुर्णा-सौंसरच्या नागरिकांनो, या दिवाळीत मुले घरी येतील, तेव्हा एवढे कराच. घरातील सर्वांत वृद्ध आजीजवळ बसा. तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर, तिच्या सासूचे माहेर विचारा. आपल्या वंशावळींनी पुरुषांची नावे लिहिली आणि बायकांची माहेरे गाळली. ती चूक तरी आता पुन्हा नको. आजी जसे उच्चारील तसे नाव देवनागरीत लिहा, ‘ळ’ चा ‘ळ’ आणि ‘ण’ चा ‘ण’ ठेवून. जुना कागद असेल तर त्यावरचे नाव जसेच्या तसे उतरून घ्या, त्याचे अशुद्ध लेखनही सुधारू नका. त्या तारखेची तहसील, जिल्हा व प्रांत लिहा. आजचा जिल्हा त्याखाली वेगळ्या ओळीत लिहा. गाव नकाशावर स्वतः बोट ठेवून निश्चित करा. यंत्राने पुढे केलेल्या ओळीला डोळे मिटून होकार देऊ नका.

सौंसर कोणत्या राज्यात असावे, याचा निर्णय जेव्हा व्हायचा तेव्हा होईल. तो आपल्या एकट्याच्या हाती नाही. परंतु आपल्या पणजोबांनी कोणत्या गावात डोळे उघडले, हे लिहिणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ते सांगणारी आजी आज ओसरीवर बसलेली आहे. पुढच्या पोळ्याला ती तेथे असेलच, असे कोणी सांगावे?