रक्ताचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तरी थांबू नका

चाळिशी ओलांडली आहे आणि महिनोन्‌महिने रोज सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी चालू आहे? मग ही विनंती तुम्हालाच आहे. या आठवड्यात डॉक्टरांना गाठा आणि विचारा, 'माझ्या पोटाची दुर्बिणीतून तपासणी करायला हवी का?' शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, वजन आपोआप उतरत असेल, घास अडकत असेल किंवा हिमोग्लोबिन विनाकारण घसरलं असेल, तर आठवडाही थांबू नका. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही विचारा.

हा कर्करोग सुरुवातीला बहुधा गप्प असतो. बोललाच तर ॲसिडिटीच्या भाषेत. गोळीने जळजळ शमते, क्वचित कर्करोगाची जखमही वरवर भरते आणि घरचे म्हणतात, 'पित्तच होतं.'

त्यात आता तपासणी-पॅकेजांतल्या 'कॅन्सर मार्कर'ची भर पडली आहे. सीईए, सीए १९-९ समोर 'नॉर्मल' छापलेलं दिसलं की माणूस निर्धास्त होतो. हा दिलासा फसवा आहे. सुरुवातीच्या अवस्थेत हे आकडे बहुतेकदा नॉर्मलच असतात. उलट नुसत्या सिगारेटनेही सीईए वाढू शकतो. त्यांचा खरा उपयोग उपचारांनंतर रोगावर नजर ठेवायला. पेप्सिनोजेनची तपासणी जठराचं अस्तर झिजल्याचा इशारा देते, पण निदान मात्र दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावरूनच होतं.

आणि वेळेत सापडला तर? १९९०च्या दशकाच्या अखेरीस जपानी डॉक्टरांनी 'ईएसडी' ही पद्धत विकसित केली. गाठ अस्तराच्या वरच्या थरातच असेल, तर तिच्याखाली द्रव टोचून ती उचलतात आणि दुर्बिणीतूनच बारीक विद्युत-सुरीने अखंड सोलून काढतात. पोटावर टाका नाही, जठर शाबूत. या अवस्थेत उपचार झालेले नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण जपानमध्ये पाच वर्षांनंतरही हयात असतात. मुळं खोल गेली असतील, तर मात्र मोठी शस्त्रक्रिया आलीच. पुढेही ठरावीक काळाने दुर्बीण घालून पाहावी लागते, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आढळल्यास त्याचं औषध पूर्ण करावं लागतं.

नळीची भीती वाटते, हे खरं. पण घसा बधिर करतात आणि साधी तपासणी पाच-दहा मिनिटांत आटोपते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अनेक रुग्णालयांत ही सोय आहे. आदल्या रात्री लवकर जेवा, सकाळचा चहाही टाळा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.