हातपंपाची बातमी

बस्तरच्या एखाद्या पाड्यातला हातपंप बिघडला, ही आम्हा पत्रकारांच्या लेखी बातमीच नव्हे. २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केले आणि नेमकी तीच बातमी झाली. अक्षरओळख नसलेला माणूसही साध्या फोनवरून, अगदी गोंडीतसुद्धा, आपले गाऱ्हाणे नोंदवू लागला. खातरजमा करून ते फोनवर आणि इंटरनेटवर ऐकवले जाई. मला महत्त्वाचे वाटते ते या निवेदनाचे शेपूट : संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर! ऐकणाऱ्याने नुसते हळहळायचे नाही, साहेबांना फोन लावायचा. अनोळखी माणसांच्या अशा फोनांनी फायली हलल्या, आणि काम झाल्यावर गावकऱ्यांनी पुन्हा फोन करून तेही नोंदवले. तक्रारी आम्हीही छापतो. पण पुढे काय झाले, हे विचारायला मी स्वतः फारसा परत गेलेलो नाही.