लिफ्टची परीक्षा आणि कंग्राळीचे तरुण

बेळगावात जेथे कौलारू बैठी घरे होती तेथे आज बहुमजली इमारती उभ्या आहेत. इमारत उंचावली की लिफ्ट येते आणि लिफ्ट आली की तिची निगा राखणारा जाणता माणूस लागतो. उद्यमबागेतील फाउंड्र्यांची वाट चोखाळणाऱ्या कंग्राळीच्या तरुणांपैकी काहींनी या नव्या धंद्याकडे मोहरा वळवावा, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु परीक्षेची तयारी ज्या रीतीने चालते तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो.

१९५० सालापासून चालत आलेल्या केंद्र शासनाच्या कारागीर प्रशिक्षण योजनेत लिफ्ट व एस्कलेटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या अखेरीस लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दुहेरी कसोटी असते. आमची मुले काय करतात? जुन्या प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स प्रती मिळवून त्या पाठ करतात. 'काउंटरवेट' हा शब्द त्यांना येतो, पण तो कशासाठी, असे विचारताच मान खाली जाते!

एकच उदाहरण घेऊ. लिफ्टच्या पाळण्याचे वजन ८०० किलो आणि क्षमता दहा माणसांची, म्हणजे माणशी ६८ किलोप्रमाणे ६८० किलो आहे असे समजा. दोराच्या दुसऱ्या टोकास पाळण्याचे वजन अधिक सुमारे निम्मा भार, म्हणजे ११४० किलोंचे काउंटरवेट असते. आता वीज गेली आणि तीन माणसे मध्येच अडकली. पाळणा भरला १००४ किलो. मेकॅनिकने हाताने ब्रेक सैल केला तर पाळणा कोठे जाईल? पाठांतर करणारा म्हणेल, खाली. तो जाईल वर! हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती त्या तीन जिवांची सुटका कशी सोपवावी?

दरवाजाच्या कुलपाचेही तसेच आहे. दार उघडे असता लिफ्ट हलू नये म्हणून ते विजेच्या मंडलात बसविलेले असते. काम लवकर उरकावे म्हणून तारेचा तुकडा जोडून ते निकामी करणारे महाभाग या धंद्यात आहेत, आणि शिकाऊ मुलाला तेच 'कसब' म्हणून शिकविले जाते. एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः फलाटावर उभे राहून, वरचा दोर कापविला आणि फलाट जागीच अडकून राहिला. लिफ्टवरचा लोकांचा विश्वास अशा सुरक्षेवर उभा राहिला. तो दोन इंच तारेने मोडावा काय?

परीक्षा व पाठ्यपुस्तके मातृभाषेतून मिळावीत, ही मागणी न्याय्य आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. तथापि अज्ञान झाकण्यासाठी तिची ढाल कोणी करू नये. जोडणीचे नकाशे इंग्रजीत येतात, तेव्हा त्या संज्ञा शिकाव्याच लागतील. अर्थ मात्र मराठीत पक्का करावा. कर्नाटकाचा लिफ्टविषयक कायदा २०१२ चा, महाराष्ट्राचा २०१७ चा. नोकरी बंगळूरला लागो वा पुण्याला, दोन्ही वाचून ठेवावेत. १९५६ साली ओढलेल्या रेषेची काउंटरवेटला खबर नाही!

पालकांनाही एक विनंती. वर्षभरात मुलगा चार पैसे आणू लागतो म्हणून त्याला अर्ध्यावर उठवू नका. आणि गावातील तरुण मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढून संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवावा. त्यासाठी यंत्रशाळा लागत नाही. आढ्याला एक कप्पी, तिच्यावरून एक दोर, दोन टोकांना दोन बादल्या आणि विहिरीचे पाणी एवढे पुरे. एका बादलीत तांब्या तांब्याने पाणी घालीत जावे, आणि कोणती बादली केव्हा वर जाईल हे मुलांनी दोर सोडण्यापूर्वी सांगावे.