खुनाची शिक्षा : देशोदेशींचें माप

गेल्या महिन्यांत एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास आमच्या आंबिवलीच्या घरीं एक मनुष्य आला. पायरीखालींच उभें राहून त्यानें नांव सांगितलें, तेव्हां आम्हांस ओळख पटली. तो आमचा जुना विद्यार्थी. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणांत त्याच्या हातून शेजारच्या तरुणाचा जीव गेला होता. सोळा वर्षें तुरुंगांत काढून तो सुटला आणि गुरुजींच्या पायां पडावें म्हणून आला. ज्याचा जीव गेला तोही आमचाच विद्यार्थी. त्याची आई अजून रेल्वे फाटकापलीकडे राहते. आशीर्वादासाठीं हात उचलावा कीं नाहीं, हें आम्हांस सुचेना. आमच्या कुटुंबानें त्याला बसावयास सांगून चहा पुढें केला. आम्ही मात्र कांहीं बोललों नाहीं.

दोन दिवसांनीं ती माउली आली. शिक्षा झाली त्या वेळीं याच ओसरीवर आम्हीं तिला मोठ्या जाणतेपणानें सांगितलें होतें कीं, जन्मठेप म्हणजे जन्मभर. तो आतां तुमच्या दृष्टीस पडावयाचा नाहीं. तें वाक्य तिनें सोळा वर्षें उराशीं धरलें होतें. ती एवढेंच म्हणाली, "गुरुजी, त्याची वर्षं भरली; माझी कधी भरायची?"

शिकल्यासवरल्या माणसानें अर्धवट सांगितलेलें किती लागतें, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें. म्हणून हा विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम आपलें घर पाहूं. १८६० च्या दंडविधानाचें ३०२ वें कलम आबालवृद्धांच्या तोंडीं होतें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमानें घेतली. शिक्षा तीच : मृत्युदंड अथवा जन्मठेप, आणि दंड. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षें, ही समजूत घरोघर आहे. ती खरी नव्हे. गोपाळ विनायक गोडसे यांच्या अर्जावर १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, जन्मठेप म्हणजे उरलेलें सर्व आयुष्य. मात्र सरकारास शिक्षेंत सूट देण्याचा अधिकार आहे. ज्या गुन्ह्यास मृत्युदंडही होऊं शकतो त्यांतील जन्मठेपीच्या कैद्याला निदान चौदा वर्षें भोगल्यावांचून अशा सुटीनें सोडूं नये, असा निर्बंध १९७८ सालीं घातला गेला. चौदा हा आंकडा आला तो येथून. तो शिक्षेचा शेवट नव्हे, सरकारी विचाराचा आरंभ आहे. आम्हीं त्या माउलीस सांगितलें तें अक्षरशः खरें होतें. पण पुढचें वाक्य आम्हीं सांगितलें नाहीं.

फांशीविषयींही आपलें माप बदलत आलें. १९५५ पर्यंत खुन्यास फांशी न दिल्यास न्यायाधीशानें कारण लिहावें, असा नियम होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें तो उलटा केला : फांशी द्यावयाची तर विशेष कारणें लिहा. १९८० सालीं बच्चनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा विरळांतील विरळ प्रसंगापुरती राखून ठेवली.

आतां शेजारीं पाहूं. पोर्तुगालनें साध्या गुन्ह्यांसाठीं फांशी १८६७ सालीं रद्द केली आणि १८७० सालीं तो नियम समुद्रापलीकडील मुलखांसही लावला. त्यांत आपला गोवा आला. म्हणजे एकच भाषा बोलणारीं, एकमेकांच्या घरीं मुली देणारीं कुटुंबें; परंतु खून रत्नागिरी जिल्ह्यांत घडला तर गळ्याला दोर आणि गोव्यांत घडला तर कैद! गोवा १९६१ सालीं मुक्त झाला. त्यानंतर भारतीय दंडविधान तेथें लागू झालें आणि त्याबरोबर फांशीही परत आली. कायदा बदलला, माणसें तींच राहिलीं.

याच पोर्तुगालचें माप पुढें थेट मुंबईच्या न्यायालयांत येऊन उभें राहिलें. मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत मुंबईंत २५७ माणसें मेलीं. त्यांतील आरोपी अबू सालेम पोर्तुगालमध्यें सांपडला. त्या देशांत फांशी नाहीं, आणि कैदेची मर्यादा २५ वर्षें. मृत्युदंड देणार नाहीं व २५ वर्षांपेक्षां अधिक काळ कोंडणार नाहीं, असें वचन भारत सरकारनें २००२ सालीं दिलें, तेव्हां २००५ सालीं तो आपल्या हातीं आला. सप्टेंबर २०१७ मध्यें मुंबईच्या विशेष न्यायालयानें त्याच खटल्यांत दोघांना फांशी सुनावली आणि सालेमला जन्मठेप. त्याच स्फोटांबद्दल याकूब मेमन यास ३० जुलै २०१५ रोजीं फांशी झालेली होती. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, २५ वर्षें पुरीं झाल्यावर दिलेलें वचन सरकारनें पाळलें पाहिजे. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांना हें कडू वाटेल यांत नवल नाहीं. परंतु वचन दिलें नसतें तर आरोपीच हातीं आला नसता, हेंही विसरूं नये.

आणखी दूर गेलें तर भेद वाढतच जातो. इंग्लंडांत खुनासाठीं फांशी १९६५ पासून थांबली व १९६९ सालीं कायमची गेली. तेथें खुन्यास जन्मठेप ठरलेली, पण निदान किती वर्षें आंत रहावें तें न्यायाधीश त्याच दिवशीं सर्वांसमक्ष सांगतो. नॉर्वेंत २०११ सालीं एका माणसानें ७७ जणांचा प्राण घेतला. त्याला २१ वर्षांची कैद झाली, मात्र तो समाजास धोक्याचा वाटेल तोंवर ती वाढवितां येते. सौदी अरेबियांत मृताच्या वारसांनीं क्षमा केली किंवा रक्ताचें मोल घेतलें तर खुन्याचें शिर वांचूं शकतें. अमेरिकेंत तर एकाच देशांत दोन मापें : मिशिगन संस्थानानें खुनाबद्दलची फांशी १८४६ सालींच काढून टाकली, टेक्सासमध्यें ती चालूच आहे.

हा सर्व गोंधळ नव्हे. नॉर्वे विचारतो, हा माणूस पुढें घातक आहे काय? सौदी कायदा विचारतो, वारसांचें समाधान कशांत आहे? आपला कायदा विचारतो, कृत्य किती घोर होतें? प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेंही निराळीं.

आपल्या पूर्वजांचें माप तरी एक होतें काय? नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानानें सांगतों. दादा त्यानंतर दहा वर्षें जगले, हें सांगत नाहीं. मनुस्मृतीनें ब्राह्मणास वध वर्ज्य करून हद्दपारी सांगितली, हेंही आमच्यासारख्या घरांनीं लपवूं नये. तेव्हां माप देशावर नव्हतें, जन्मावर होतें. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत न्यायाधीश चारुदत्तासाठीं याच आधारानें हद्दपारी सुचवितो, आणि राजा पालक वधाची आज्ञा देतो. पण ज्या वसंतसेनेच्या खुनाबद्दल त्याला वधस्थानीं नेलें, ती जिवंतच तेथें येऊन उभी राहते! हें नाटक आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें. त्यांतला धडा मात्र आतां उमगतो. कैदेंतून चुकून धरलेला मनुष्य परत आणतां येतो, चितेवरून नाहीं. म्हणून आमचा कल फांशी नको या बाजूस आहे.

मात्र एक गोष्ट इंग्लंडाकडून घ्यावी, असें वाटतें. शिक्षा किती आणि सुटकेचा विचार कधीं, हें मृताच्या घरच्यांना पहिल्याच दिवशीं स्पष्ट शब्दांत सांगावें. आणि सुटकेचा दिवस त्यांना फाटकावर अवचित दिसलेल्या तोंडावरून कळूं नये.

त्या माउलीच्या प्रश्नास कोणत्याही देशाच्या कायद्यांत उत्तर नाहीं. आम्ही काल तिच्या घरीं गेलों, सोळा वर्षांपूर्वींचें अर्धें वाक्य पुरें केलें आणि क्षमा मागितली. तिनें बसावयास पाट दिला. तो मुलगा पुन्हां आला तर त्याच्याशीं बोलूं, असें ठरविलें आहे. आशीर्वादाचें अजून ठरलेलें नाहीं.