अंदाज येतो, त्याची नोंद कोठे?

सरकारी अंदाजपत्रकात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. त्यामुळे अर्थखात्याची गणिते कोठे चुकली, हे कोणासही तपासता येते. हवामानाच्या अंदाजाला मात्र हा न्याय क्वचितच लावला जातो. पाऊस हुकला की चार दिवस चर्चा होते. परंतु पाच दिवसांपूर्वी नेमके काय सांगितले होते, याचे दप्तर सामान्य अभ्यासकाजवळ नसते.

याचे कारण आकड्यांचा दुष्काळ हे नव्हे. अमेरिकेच्या हवामानखात्याचे ‘जीएफएस’ हे प्रारूप दिवसातून ४ वेळा पुढील १६ दिवसांचा अंदाज काढते आणि तो साऱ्या जगाला विनामूल्य मिळतो. युरोपीय केंद्रानेही २०२२ पासून आपल्या अंदाजांचा काही भाग खुला केला. मात्र हे आकडे जागतिक हवामान संघटनेने ठरविलेल्या ‘ग्रिब’ या द्विमान संकेतात बांधलेले असतात. अमेरिकी सामग्रीत ‘एकूण पाऊस’ असे शब्द नसतात. ०, १, ८ असे तीन संकेतांक असतात व त्यांचा अर्थ कोष्टकावरून लावावा लागतो. तेथे पाऊस मिलिमीटरच्या मापाने येतो. युरोपीय आकड्यांत तो मीटरमध्ये आणि अंदाजाच्या प्रारंभापासून साचत गेलेला असतो. आज्ञावलीची मांडणी करताना हा भेद ध्यानी घेतला नाही, तर दोन दिवसांचा पाऊस सहा तासांच्या खात्यावर जमा होतो.

साठवणीलाही अशीच शिस्त लागते. अमेरिकेतील ‘युनिडेटा’ने तयार केलेली ‘एलडीएम’ ही विनामूल्य आज्ञावली आलेली सामग्री ठराविक आकाराच्या रांगेत ठेवते. नवी आली की जुनी पुसली जाते. काय वेचायचे, उकलीसाठी कोणाकडे द्यायचे आणि कोठे ठेवायचे, हे एका नियमांच्या फाइलीत आधीच लिहावे लागते. त्यात रकान्यांमध्ये टॅबऐवजी साधी मोकळी जागा पडली, तरी नियम चालत नाही. नियम नसेल, तर अंदाज आला तसा निघून जातो.

या कारकुनी कष्टांचे मोल लुई फ्राय रिचर्डसन यांच्या उदाहरणावरून कळते. २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदींवरून त्यांनी हाताने गणित केले. सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारने वाढेल, असे अशक्य उत्तर आले. तरीही १९२२ च्या ग्रंथात त्यांनी ही आकडेमोड प्रसिद्ध केली. म्हणूनच दोष मूळ पद्धतीचा नसून प्रारंभीच्या आकड्यांतील असमतोलाचा होता, हे पुढे पीटर लिंच यांना दाखविता आले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ६ किलोमीटर सूक्ष्मतेचे ‘भारत’ प्रारूप २०२५ मध्ये वापरात आले. अंदाज सूक्ष्म होत आहेत. तेव्हा त्यांची परीक्षाही सूक्ष्म हवी. महाराष्ट्रातील विद्यापीठांना त्यासाठी महासंगणक नको. एका जिल्ह्याचा पाऊस, तापमान आणि वारा एवढेच रोज वेचून जपणे व शेजारी पर्जन्यमापकाची नोंद मांडणे, हे विद्यार्थ्यांना साध्या संगणकावरही जमेल. अंदाज फसला, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी येतो. तीन दिवसांच्या अंदाजावर किती विसंबावे आणि सात दिवसांच्या अंदाजावर किती, हे त्याला आकड्यांनिशी सांगण्याची जबाबदारी विद्यापीठांनी आता टाळू नये.