नकाशावरचा रंग आणि सातबाऱ्यावरचे नाव



जालना जिल्ह्यात कापसाच्या भावाइतकीच आता जमिनीच्या भावाची चर्चा होते. होणारच. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस निघाला आणि लांब धाग्याचा म्हणून 2025-26 च्या 8,110 रुपये हमीभावाने गेला असे धरले, तरी हाती येतात 40,550 रुपये. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी वजा व्हायची असते. एवढ्यावर संसार ओढणाऱ्याला कोणी एकरी पंचवीस लाख देऊ केले तर तो सही करतो. मी त्याला दोष देणार नाही. जमीन आई आहे, ती विकू नये, असे आपल्याला सांगणारे बहुतेक फ्लॅटमध्ये राहतात. विकायची की नाही हे मालकाने ठरवावे. पण काय विकतो आहोत हे त्याला माहीत असले पाहिजे, आणि नेमके तेच त्याला शेवटी कळते.

जालना शहराजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर 2015 मध्ये झाली. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून 2025 मध्ये 701 किलोमीटर पुरा झाला. 2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. रस्ता आला, पालिका मोठी झाली की मागोमाग नकाशा येतो. त्यावर शेती हिरवी, वस्ती पिवळी, व्यापार निळा, उद्योग जांभळा. काळ्या रानाची खोली किती, ओल कुठवर टिकते, हे त्या नकाशात कुठेच नसते. म्हणून तीन फूट काळीवर गोदामे येतात आणि माळाचा मुरूम रस्त्यापासून लांब म्हणून हिरवाच राहतो. एकदा भराव टाकून रोलर फिरवला की ती काळी परत शेतीला येत नाही.

आता हिशेब बघा. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. पंचवीस लाखांचा एकर चौरस फुटाला 57 रुपयांना पडला. रंग बदलला, रस्ते आणि मोकळी जागा सोडून समजा 24,000 चौरस फूट विकायला उरले आणि 500 रुपयांनी गेले, तर झाले एक कोटी वीस लाख. रस्ते, नाल्या, फी, व्याज खुशाल वजा करा. उरते ती किंमत कोणाच्या घामाची? रंगाची. खरेदीखत हिरव्या भावाने आणि विक्री जांभळ्या भावाने, एवढाच हा धंदा आहे. त्यासाठी कोणता रंग कधी बदलणार हे चार महिने आधी कळावे लागते. ते आपल्या पारावर कळत नाही.

कायदाही कोणत्या बाजूला सैल होत गेला ते पाहण्यासारखे आहे. 1994 साली मराठवाड्याला लागू असलेल्या हैदराबाद कूळ कायद्यात 47-अ हे कलम घातले गेले. औद्योगिक पट्ट्यातली शेतजमीन कारखान्यासाठी घ्यायला बिगरशेतकऱ्याला वाट मोकळी झाली. गिऱ्हाईक वाढले, हे चांगलेच. पण त्याच कलमात असेही आहे की ठरलेल्या मुदतीत जमीन कारखान्याच्या कामी लावली नाही तर मूळ विकणाऱ्याला ती मूळ किमतीत परत घेण्याचा हक्क आहे. किती जणांनी हे ऐकले आहे?

दुसरी गोष्ट गावठाणाची. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतची जमीन आराखड्यातील तरतुदींच्या अधीन राहून राहण्यासाठी अकृषिक धरण्याची सोय महसूल कायद्याच्या 42-ड कलमाने केली. ही पट्टी म्हणजे वेगळे निघणाऱ्या पोरांची घरे. रस्त्यालगतच्या गावात हीच पट्टी ‘भविष्यातील विकासा’साठी व्यापारी किंवा औद्योगिक रंगात गेली, तर तिथे घर बांधणे आणि वाढवणे दोन्ही अडचणीचे होणार. जमीनवाल्याला निदान भाव मिळेल. गावकडेला दोन खोल्या बांधून राहणाऱ्या मजुराला काय मिळेल? कापूस वेचायला आपल्याला तोच लागतो.

झोन आणि आरक्षण यांत गल्लत करू नका. झोन बदलला तरी जमीन तुमचीच राहते. आरक्षण म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी घ्यायची आहे. आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर नगररचना कायद्याच्या 127 कलमाखाली मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर सरकारला पूर्वी सहा महिने मिळत, मग बारा झाले, 2015 पासून चोवीस. शेतकऱ्याच्या कर्जाचा हप्ता असा कोणी लांबवून दिला आहे काय!

पुण्यात हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी जमीन विकली नाही. चारशेहून जास्त एकर एकत्र करून, जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन, त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि शहर वसवले. जालना पुणे नव्हे, इथे तेवढी मागणी नाही, हे मान्य. पण लगतच्या दहा गटांनी मिळून बोलणी करायला, विकण्याऐवजी भाडेपट्टा मागायला, किंवा रंग बदलला तर वाढीव किमतीत हिस्सा असे करारात लिहून घ्यायला पुणे लागत नाही.

इसार घेण्याआधी नगररचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. शहरालगत असाल तर आयकराचेही विचारून घ्या. लाखावर वस्तीच्या जालन्यासारख्या शहराच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर बसतो. रंग बदलाची सूचना निघाली की हरकतीला साधारण महिनाभरच मिळतो, आणि तोंडी हरकत कोणी धरत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना सातबारा आणि झोन दाखला दोन्ही आणा. गावागावाच्या हरकती तिथेच बसून लिहू.