हद्दपारीचा हिशेब संसदेने मागावा
कोल्हापूरच्या नागरिकांना आणि खासदारांना जाहीर आवाहन

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातील वळिवडे-कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, आणि आपल्या शेजारच्या गावाचे नाव देशाने नव्याने ऐकले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका-मुले. सोव्हिएत राजवटीने सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली ही माणसे इराणमार्गे इथवर पोहोचली होती. ती गेल्यावर त्याच छावणीत फाळणीने घरे गमावलेले सिंधी आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. या इतिहासाचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण पोलिश माणसांना इथे आसरा मिळाला तो राज्यकर्त्यांच्या मर्जीने. मर्जी फिरली असती, तर दाद मागायला त्यांना जागा नव्हती. स्वतंत्र भारतानेही निर्वासितांसाठी वेगळा कायदा केला नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही. परक्याला ठेवायचे की घालवायचे, हे २०२५ पर्यंत इंग्रजांच्या १९४६ च्या कायद्यावरच चालले.

तो कायदा बदलण्याची वेळ आली तेव्हा संसदेने काय केले? इमिग्रेशन अँड फॉरेनर्स विधेयक ११ मार्च २०२५ ला लोकसभेत मांडले गेले, २७ मार्चला मंजूर झाले आणि २ एप्रिलला राज्यसभेतूनही पार पडले. चार जुने कायदे एका झटक्यात रद्द झाले. हेड कॉन्स्टेबलला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार मिळाला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे पूर्वीप्रमाणेच पकडलेल्या माणसाच्या डोक्यावर राहिले. एवढा मोठा कायदा संसदीय समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. हे एकट्या विधेयकाचे दुखणे नाही. पंधराव्या लोकसभेत शंभरातली ७१ विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ वर आले.

खरी गंमत पुढे आहे. कायदा १ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला आणि त्याच सुमारास गृहमंत्रालयाने सवलतीचा एक आदेश काढला. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्याक धर्मांच्या लोकांना, कागदपत्रे नसली तरी, या कायद्याच्या शिक्षेतून सूट मिळाली. सूट योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. पीडितांना आसरा देण्यास आमचा विरोध नाही. पण नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातली २०१४ ची तारीख संसदेत वादळी चर्चा होऊन ठरली होती. त्या विषयावरचे २०१६ चे विधेयक तर संयुक्त समितीने तपासले होते. इथे दहा वर्षे पुढची तारीख एका अधिसूचनेने आली. आज एका आदेशाने ज्यांना सूट मिळते, त्यांची सूट उद्या दुसऱ्या आदेशाने जाऊ शकते. वळिवड्याच्या काळातली मर्जी आज राजपत्रात छापून येते, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घुसखोरी खरी आहे, सुरक्षेच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या का? घुसखोरी खरी आहे, हे आम्हालाही मान्य. पण संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआडच होतात. सीमेबाबत कठोर झालेल्या देशांनीही संसदेला वगळलेले नाही. वळिवड्यात आसरा घेतलेल्यांच्याच पोलंडने त्याच मार्च २०२५ मध्ये बेलारूसच्या सीमेवर आश्रय मागण्याचा हक्क स्थगित करण्याचा कायदा केला. तो निर्णय आम्हाला पटत नाही. तरीही ती स्थगिती एका वेळी साठच दिवसांची, आणि ती वाढवायला तिथल्या लोकप्रतिनिधिगृहाची म्हणजे सेयमची संमती लागते. सरकारला पुन्हा पुन्हा सभागृहासमोर उभे राहावे लागते. आपल्या कायद्यात असे बंधन कुठे आहे?

युरोपीय संघाची सीमासंस्था फ्रॉन्टेक्स हिचे उदाहरण जास्त बोलके आहे. समुद्रात निर्वासितांना परत ढकलल्याचे आरोप झाले, तेव्हा युरोपीय संसदेने २०२१ मध्ये चौकशी गट नेमला. पुढच्या वर्षी फसवणूकविरोधी यंत्रणेच्या तपासानंतर संस्थेचे प्रमुख फाब्रिस लेजेरी यांना पद सोडावे लागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने फ्रॉन्टेक्सच्या २०२० च्या हिशेबाला मान्यता नाकारली. याने सगळे सुधारले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. खुद्द लेजेरी २०२४ मध्ये फ्रान्सच्या कडव्या उजव्या पक्षाकडून त्याच संसदेत निवडून आले! पण निदान काय घडले ते कागदावर आले, प्रश्न विचारले गेले, आणि उत्तर देणे कुणाला तरी भाग पडले.

दुसरा आक्षेप: न्यायालये आहेत ना? आहेत, आणि कोल्हापुरात तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही आहे. वकिलांना आणि पक्षकारांना त्यासाठी किती वर्षे झगडावे लागले हे इथल्या कुणाला सांगायला नको. पण सीमेपलीकडे ढकललेला माणूस दाद मागायला कोणत्या कोर्टात जाणार? जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात बांगलादेशी समजून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमापार घालवले गेले आणि भारतीय असल्याचे कळल्यावर परत आणावे लागले. पोट भरायला परराज्यात गेलेला आपला माणूसही अशा संशयात सापडू शकतो. न्यायालय एकेका प्रकरणात न्याय देईल. पण अशी प्रकरणे किती, आदेश कुणाचा, पडताळणीला किती वेळ दिला, हे सगळ्या देशाच्या वतीने विचारणे खासदारांचे काम आहे.

तेव्हा लोकसभेतील शाहू छत्रपती आणि धैर्यशील माने, तसेच राज्यसभेतील धनंजय महाडिक या तीन वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांकडे आमची मागणी अशी. हा कायदा आणि त्याखालचे नियम व आदेश गृहविभागाच्या स्थायी समितीने तपासावेत, यासाठी तिघांनी मिळून पत्र द्यावे. या कायद्यानुसार किती जणांना पकडले, किती जणांना देशाबाहेर पाठवले आणि त्यांतले किती भारतीय निघाले, याची राज्यवार माहिती दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी. आणि शिक्षेतून सूट देणारा किंवा सूट काढून घेणारा कोणताही आदेश साठ दिवसांपलीकडे चालू ठेवायचा असेल, तर त्यावर संसदेत मतदान व्हावे, अशी दुरुस्ती त्यांनी मांडावी. नागरिकांनी या मागण्यांचे निवेदन खासदारांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावे आणि पोच घ्यावी.